मूल वाचलं, पण किडनीचं काय? एका प्रश्नाचा इतिहास

"पेपर वाचायचेच तर शेवटच्या पाच वर्षांतले वाचावेत. जुने कशाला?" कोर्सवर्कच्या वर्गात एका ज्युनिअरने मला हे विचारलं. मी हसले नाही, कारण पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझंही हेच मत होतं. त्यापायी माझं दोन महिन्यांचं काम वाया गेलं.

झालं असं. स्टेम सेल प्रत्यारोपण झालेल्या मुलांच्या नोंदींवर मी काम सुरू केलं होतं. प्रत्येक मुलासमोर किडनीसाठी एक रकाना होता, त्यात 'नॉर्मल' किंवा 'बिघाड' असं लिहायचं. लॅबच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनच्या आकड्यापुढे खूण नसली की मी 'नॉर्मल' लिहून पुढे जायचे. एके दिवशी गाईडनी एका ओळीवर बोट ठेवलं. सहा वर्षांची मुलगी. क्रिएटिनिन आठवड्याभरात ०.३ वरून ०.६ वर गेलेलं. दोन्ही आकडे लॅबच्या मर्यादेत, म्हणून मी 'नॉर्मल' लिहिलेलं. सर एवढंच म्हणाले, "दुप्पट झालंय की."

आजच्या व्याख्येप्रमाणे हा किडनीचा तीव्र बिघाड आहे आणि तोही दुसऱ्या पायरीचा. मग सगळा तक्ता पहिल्यापासून तपासावा लागला. ते करता करता मी जुने पेपर वाचायला घेतले आणि लक्षात आलं, की जी चूक मी दोन महिने केली, तिच्याशी हा अख्खा विषय कित्येक दशकं झगडत आलाय. आपण काय मोजतो, कधी मोजतो आणि मोजायचं कधी थांबवतो, यावर आपल्याला काय दिसणार हे ठरतं. तुम्ही संशोधनाच्या दारात उभे असाल तर हा इतिहास तुमच्या उपयोगाचा आहे, मग तुमचा विषय कुठलाही असो.

आधी जगणंच कठीण होतं

थोडी पार्श्वभूमी. रक्ताच्या पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात. रक्ताचा कॅन्सर, थॅलेसेमिया किंवा जन्मजात प्रतिकारशक्तीच नसणं अशा आजारांत ही मज्जा बदलावी लागते. बहुतेक वेळा आधी जोरदार केमोथेरपी देऊन, काही वेळा संपूर्ण शरीराला रेडिएशन देऊन, जुनी मज्जा संपवतात. मग दात्याच्या पेशी सलाईनसारख्या शिरेतून देतात. त्या रुजेपर्यंतचे काही आठवडे शरीर जवळजवळ उघडं असतं. इन्फेक्शन होतात, म्हणून अँटिबायोटिक्स आणि बुरशीविरोधी औषधं देतात. नव्या पेशी मुलाच्याच शरीरावर हल्ला करू शकतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. तो होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. या औषधांतली बरीचशी किडनीला त्रास देणारी, आणि किडनीचा मूळ आजाराशी बहुतेक वेळा संबंधच नसतो.

१९५७ साली अमेरिकेत ई. डोनल थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाला शिरेतून मज्जा दिल्याचा पहिला महत्त्वाचा पेपर छापला. त्यात ६ रुग्ण होते. त्यातलं कुणीही फार काळ जगलं नाही. १९६८ साली मिनेसोटात रॉबर्ट गुड यांच्या चमूने प्रतिकारशक्ती नसलेल्या एका तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली, आणि तो जगला. हे यश अपवादासारखं होतं. १९७७ साली थॉमस यांच्या सिएटलच्या गटाने तीव्र ल्युकेमियाच्या १०० रुग्णांचा अहवाल दिला. बाकी सगळे उपचार हरलेले हे रुग्ण. त्यातले १३ जण आजारमुक्त राहिले होते.

आता विचार करा. १०० मधले १३ जगतात, तेव्हा त्यांच्या किडनीचं दहा वर्षांनी काय होईल हा प्रश्न कोण विचारणार? त्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. उशिरा दिसणारा आजार दिसायला आधी माणूस तेवढा जगावा लागतो. म्हणून जुन्या पेपरात एखाद्या गुंतागुंतीचा उल्लेख नसेल तर 'ती नव्हती' असं समजू नका. ती दिसण्याआधीच गोष्ट संपत होती, अशीही शक्यता असते.

रेडिएशनची मर्यादा कुणासाठी ठरली होती?

किडनीवर रेडिएशनचा परिणाम होतो हे प्रत्यारोपणाच्या आधीच माहीत होतं. मँचेस्टरच्या लक्स्टन यांनी १९५० च्या दशकात, वृषणाच्या कॅन्सरसाठी पोटावर रेडिएशन घेतलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. उपचारानंतर काही महिन्यांनी त्यांच्यापैकी काहींचं ब्लडप्रेशर वाढलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली, रक्त कमी झालं. दोन्ही किडन्यांना पाच आठवड्यांत साधारण २३ ग्रेपेक्षा जास्त डोस गेला तर धोका, असा निष्कर्ष निघाला.

प्रत्यारोपणात संपूर्ण शरीराला मिळणारा डोस साधारण १० ते १४ ग्रे असतो. कागदावर पाहिलं तर किडनी सुरक्षित. पण १९८८ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी 'ब्लड' या नियतकालिकात मुलांबद्दल एक वेगळंच चित्र मांडलं. प्रत्यारोपण यशस्वी, कॅन्सर नाही, मूल घरी गेलेलं. आणि काही महिन्यांनी लाल पेशी रक्तवाहिन्यांतच फुटताहेत, किडनीचं काम घसरतंय.

कमी डोसमध्ये हे कसं झालं? लक्स्टन यांच्या रुग्णांना रेडिएशन मिळालं होतं ते एकटं आणि आठवडे घेऊन. या मुलांना ते मिळालं होतं थोड्या दिवसांत, जोरदार केमोथेरपीच्या जोडीने, आणि त्यानंतर किडनीला जड जाणाऱ्या औषधांची रांग. प्रत्येक घाव एकेकटा पचला असता, पण ते एकावर एक पडले. पुढे मिल्वॉकीच्या एरिक कोहेन आणि सहकाऱ्यांनी या आजाराचा सविस्तर अभ्यास केला. रेडिएशन देताना किडनीवर अंशतः आडोसा ठेवला तर उशिराचा बिघाड कमी होतो, हेही त्या गटाने १९९० च्या दशकात दाखवलं.

तुमच्यासाठी मुद्दा हा, की 'सुरक्षित मर्यादा' म्हणून छापलेला आकडा ज्या परिस्थितीत मोजला गेला, त्याच परिस्थितीचा असतो. तो उचलून दुसरीकडे लावण्याआधी मूळ पेपर उघडा आणि रुग्ण कोण होते ते बघा.

जीव वाचवणारं औषध, किडनीला जड

दुसरी गोष्ट सायक्लोस्पोरिनची. नॉर्वेच्या मातीतून मिळालेल्या एका बुरशीतून हे द्रव्य आलं. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतल्या जाँ-फ्रांस्वा बोरेल आणि सहकाऱ्यांनी ते प्रतिकारशक्ती दाबतं हे १९७० च्या दशकात दाखवलं. १९७८ साली केंब्रिजला रॉय कॅल्न यांनी ते किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दिलं, आणि त्याच वर्षी इंग्लंडमधल्याच रॉयल मार्सडेन हॉस्पिटलने मज्जा प्रत्यारोपणानंतरच्या जीव्हीएचडीसाठी. पुढे ते जगभर पसरलं.

पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत ठळकपणे न दिसलेली एक गोष्ट माणसांत लगेच दिसली. या औषधाने किडनीचं काम कमी होत होतं. किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या ते आकुंचित करतं. डोस कमी केला की सुरुवातीचा परिणाम बराचसा उलटतो. मग प्रश्न आला, की वर्षानुवर्षं घेतल्यावर कायमचं नुकसान होतं का?

किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांत हे ठरवणं अवघड. क्रिएटिनिन वाढलं तर ते औषधामुळे, की शरीर नवी किडनी नाकारतंय म्हणून? १९८४ साली स्टॅनफर्डच्या ब्रायन मायर्स आणि सहकाऱ्यांनी यातून फार सुंदर वाट काढली. त्यांनी हृदय प्रत्यारोपणाचे रुग्ण घेतले. त्यांची किडनी त्यांची स्वतःची, म्हणजे नाकारण्याचा प्रश्नच नाही. एका बाजूला सायक्लोस्पोरिन घेतलेले, दुसऱ्या बाजूला अ‍ॅझाथायोप्रिन हे आधीचं औषध घेतलेले. सायक्लोस्पोरिन गटात किडनीचं काम स्पष्ट कमी होतं आणि बायोप्सीत कायमच्या खुणा दिसल्या.

व्हायवामध्ये तुम्हाला "तुलनेचा गट हाच का निवडला?" असं विचारतील तेव्हा हा पेपर आठवा. महागडं यंत्र नव्हतं, योग्य माणसं निवडली होती. आणि हेही लक्षात ठेवा, की हे सगळं कळल्यावरही औषध बंद झालं नाही. जीव्हीएचडीने मूल दगावू शकतं. म्हणून रक्तातली पातळी मोजत, डोस सांभाळत ते आजही देतात. संशोधनाचं उत्तर दर वेळी 'वापरा' किंवा 'फेका' असं नसतं.

मोजपट्टी बदलली की आकडा बदलतो

आता माझ्या चुकीकडे येऊ. १९८९ साली सिएटलच्या झेगर आणि सहकाऱ्यांनी २७२ मज्जा प्रत्यारोपण रुग्णांचा आढावा छापला. ५३ टक्के रुग्णांत क्रिएटिनिन किमान दुप्पट झालं होतं. २४ टक्के रुग्णांना डायलिसिस लागलं, आणि डायलिसिस लागलेल्यांपैकी ८४ टक्के दगावले. बघा, 'दुप्पट' ही कसोटी तेव्हाही होती. १९८९ च्या पेपरातही माझी ती सहा वर्षांची मुलगी 'बिघाड' या रकान्यात गेली असती! मी तो वाचला नव्हता, एवढंच.

अडचण अशी, की त्यानंतर प्रत्येक गटाने आपापली व्याख्या वापरली. कुणी क्रिएटिनिन दुप्पट धरलं, कुणी ठरावीक आकड्याच्या वर, कुणी फक्त डायलिसिस. त्यामुळे एकाच गुंतागुंतीचं प्रमाण एका पेपरात थोडं तर दुसऱ्यात निम्म्याहून जास्त. २००४ साली रायफल नावाची सामाईक व्याख्या आली, २००७ साली तिचं मुलांसाठीचं रूप, आणि २०१२ साली केडिगोची, जी आज बहुतेक जण वापरतात.

व्याख्या एक झाली तरी मोजपट्टी रबराची ती रबराचीच. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. महिनोन्‌महिने आजारी असलेल्या, नीट न जेवलेल्या मुलाचे स्नायू झडलेले असतात, म्हणून त्याचं क्रिएटिनिन कमी असतं. किडनी निम्मी काम करत असली तरी आकडा 'छान' दिसू शकतो.

शिवाय क्रिएटिनिन मोजायची पद्धत. मॅक्स जाफे यांनी १८८६ साली पिक्रिक आम्लाची एक अभिक्रिया सांगितली आणि तिच्यावर आधारलेली पद्धत शंभर वर्षांहून जास्त चालली. अनेक लॅबमध्ये अजूनही चालते. ती क्रिएटिनिनबरोबर इतर काही पदार्थही मोजते, म्हणून आकडा थोडा जास्त येतो. १९७६ साली जॉर्ज श्वार्ट्झ यांनी मुलांसाठी सोपं सूत्र दिलं ते या पद्धतीवर बेतलेलं: ०.५५ गुणिले उंची, भागिले क्रिएटिनिन. पुढे एन्झाइमची नवी पद्धत आली, आकडे खाली आले, म्हणून २००९ साली गुणक ०.४१३ झाला.

याचा अर्थ गणित करून बघू. उंची ११० सेंटिमीटर, नव्या पद्धतीने क्रिएटिनिन ०.५. जुन्या सूत्राने जीएफआर येतो १२१. नव्या सूत्राने ९१. मूल तेच, रक्त तेच. जुनं सूत्र डोळे झाकून वापरलं तर किडनी उगाच तंदुरुस्त दिसते. सिस्टॅटिन सी नावाची दुसरी खूण स्नायूंवर एवढी अवलंबून नाही, पण स्टेरॉइड्सनी ती वाढते, आणि या मुलांना स्टेरॉइड्स बऱ्याचदा द्यावी लागतात. निर्दोष मोजपट्टी नाही. म्हणून कुठली वापरली आणि का, हे थीसिसमध्ये स्वच्छ लिहायचं.

एक मोहही टाळा. २००८ साली अमेरिकेतल्या अनेक केंद्रांच्या नोंदींतून, सलग डायलिसिससारखे उपचार लागलेल्या ५१ प्रत्यारोपित मुलांचा अहवाल आला. त्यातली ४५ टक्के वाचली. झेगर यांच्या पेपरात १६ टक्के. "वीस वर्षांत जगण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट!" असं वाक्य माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये होतं. सरांनी खोडलं. एकीकडे मुख्यतः मोठी माणसं, एकीकडे मुलं आणि तरुण. केंद्रं वेगळी, डायलिसिस सुरू करायची वेळ वेगळी. सुधारणा झाली आहे यात शंका नाही, पण ती या दोन आकड्यांच्या भागाकारातून सिद्ध होत नाही.

लघवीच्या बाटलीतलं उत्तर

गेल्या काही वर्षांतला मोठा बदल एका साध्या तपासणीने घडवला. प्रत्यारोपणानंतर काही मुलांच्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, तिथे छोट्या गाठी होतात, लाल पेशी फाटतात, किडनी गुदमरते. या आजाराला टीएमए म्हणतात. बोस्टनने १९८८ मध्ये वर्णन केलेलं चित्र याच घराण्यातलं. बरीच वर्षं तो उशिरा ओळखला जायचा, कारण प्लेटलेट कमी असणं, रक्त कमी असणं या गोष्टी प्रत्यारोपणानंतर सगळ्यांनाच असतात.

सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात सोनाटा जोडेले आणि सहकाऱ्यांनी जुन्या फायली चाळल्या नाहीत. त्यांनी प्रत्यारोपणाला येणाऱ्या मुलांची आणि तरुणांची ओळीने, आधीपासून तपासणी केली. २०१४ साली त्यांचा पेपर आला. शोधल्यावर टीएमए ३९ टक्के रुग्णांत सापडला. निदानाच्या वेळी लघवीत प्रथिनं आणि रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षण यंत्रणा पेटल्याची खूण, अशा दोन्ही गोष्टी असलेल्या रुग्णांपैकी वर्षभर जगलेले २० टक्क्यांपेक्षा कमी. दोन्ही नसलेले सगळे वाचले. मग कॉम्प्लिमेंट रोखणारं एक्युलिझुमॅब हे दुसऱ्या आजारांसाठीचं औषध इथे वापरात आलं, आणि काही मुलांना त्याचा चांगला उपयोग झाला.

सिएटलच्या बालमूत्रपिंडतज्ज्ञ संगीता हिंगोरानी यांच्या गटानेही दाखवलं, की प्रत्यारोपणानंतर शंभराव्या दिवसाच्या आसपास लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर वर्षभराने किडनीचा जुनाट आजार दिसण्याची शक्यता वाढते. लघवीची तपासणी ही काही कुठे न मिळणारी गोष्ट नाही. फक्त ती करायची हे कुणाच्या तरी डोक्यात यावं लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न कसा दिसतो

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांच्या चमूने १९८३ साली मज्जा प्रत्यारोपण केलं, आणि भारतात या उपचाराची सुरुवात झाली. पुढे वेल्लोरच्या सीएमसीने थॅलेसेमियाच्या मुलांसाठी हे काम मोठ्या प्रमाणात उभं केलं. थॅलेसेमियात सहसा संपूर्ण शरीराला रेडिएशन देत नाहीत, केमोथेरपीवर भागवतात. पण या मुलांनी आधी वर्षानुवर्षं रक्त चढवलेलं असतं, शरीरात लोह साठलेलं असतं, आणि लोह काढणाऱ्या काही औषधांचाही किडनीवर परिणाम होतो. म्हणजे धोक्याची बेरीज इथे वेगळी. बोस्टनचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे चिकटवता येणार नाही. नव्या संशोधकाला इथे करण्यासारखं खूप आहे.

आणि घर लांब असतं. मोठ्या शहरात प्रत्यारोपण होतं, मग मूल गावी जातं. तिथली लॅब क्रिएटिनिन वेगळ्या पद्धतीने मोजत असू शकते. ब्लडप्रेशर घ्यायला मुलांच्या मापाचा पट्टा असेलच असं नाही, आणि आलेला आकडा वय आणि उंचीच्या तक्त्यात बघितला जाईलच असंही नाही. मोठ्यांच्या मापाने १२० 'मस्त' असतं; चार वर्षांच्या मुलासाठी ते जास्त आहे.

एक शेवटचा धागा. १९९० सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना विभागून मिळालं: मज्जा प्रत्यारोपणासाठी डोनल थॉमस, आणि १९५४ साली जुळ्या भावांमध्ये किडनी प्रत्यारोपण करणारे जोसेफ मरे. २०२२ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या तीन मुलांबद्दल लिहिलं. त्यांना आधी आईच्या किंवा वडिलांच्या स्टेम सेल दिल्या, मग त्याच पालकाची किडनी. प्रतिकारशक्ती त्याच दात्याची झालेली असल्याने ती किडनी नाकारली गेली नाही आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवता आली. तीन मुलं म्हणजे फार लहान आकडा. पण ज्या उपचाराने किडनीला इतका त्रास दिला, त्याच्याच आधाराने नवी किडनी टिकली.

माझा तक्ता आता दुरुस्त झालाय. 'बिघाड' असलेली मुलं आधीपेक्षा जास्त निघाली. त्या सहा वर्षांच्या मुलीचं क्रिएटिनिन महिन्याभरात खाली आलं होतं, तीही नोंद आहे. एक वर्षानंतरचा रकाना मात्र रिकामा आहे. ती बरी आहे म्हणून आली नाही, की येता आलं नाही म्हणून आली नाही, हे त्या रिकाम्या चौकटीतून कळत नाही. पूर्वीची मी तिथे 'नॉर्मल' लिहिलं असतं. आता 'नोंद नाही' असं लिहिलंय, आणि अशा किती चौकटी आहेत हे मोजायला घेतलंय.